लेकीच्या वाणातले अनारसे

उभी हयात माझी कंडक्टरकीत गेली. ‘पुढं सरका, पुढं सरका’ करून करून आवाज मोठा झाला तो झालाच, आणि रिटायर झाल्यावर तो घरात वापरायला मिळाला. आमच्या हिला विचारा. मी नुसतं मीठ मागितलं तरी शेजारच्या घरातलं माणूस दचकतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी सकाळी घरात जे भांडण झालं ते माझ्या आवाजामुळंच झालं, आणि पुढचं सगळं त्या भांडणातनं निघालं.

धोंड्याचा महिना चालला होता. लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच. हा अधिकाचा महिना तीन वर्षांतनं एकदा येतो, तेव्हा लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचं जेवू घालायचं आणि जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, वर दिवा ठेवून. आमच्या भागात एक वेळ माणूस दुसरं काही टाळेल, पण हे टाळत नाही. पण यंदा जावईबापू मोटरसायकलवरनं पडलेले, पाय प्लास्टरमध्ये. ते काय आमच्या बेंबळीला येणार? आणि हिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. धूळ नको, धूर नको, प्रवास तर नकोच, असं डॉक्टरनं बजावलेलं. मग वाण घेऊन लेकीच्या सासरी, अणदूरला जायचं कुणी? राहिलो मीच.

धूर नको म्हणून सांगितलेल्या बाईनं अनारसे मात्र स्वतःच केले. तांदूळ तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदललं. कापडावर पसरून सावलीत वाळवले, दळले, गुळात कालवून ते पीठ डब्यात मुरत ठेवलं. तळायच्या दिवशी मी म्हणालो, “अगं, विकत आणा म्हण की, तुळजापुरात मिळतेत ढिगानं.” तिनं दवाखान्यातला काळा गॉगल डोळ्यावर चढवला, पदर खोचला आणि चुलीपुढं बसली. गॉगल घालून खसखशीवर अनारसे थापणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होतो. मला हसू येत होतं. मी हसलोही, मोठ्यांदा. पहिला अनारसा तुपात पडला आणि हसला, म्हणजे विरघळून पसरला. आमच्याकडं त्याला हसणंच म्हणतात. ती म्हणाली, “तुमचं बघून हसला त्यो. जावा तिकडं.” मग मी ओसरीवर जाऊन बसलो. दुसऱ्यापासून एकही बिघडला नाही.

एवढा जीव का टाकायचा, तर त्याला कारण होतं. लेकीचा फोन आला होता. तिच्या थोरल्या जावेच्या माहेरनं वाणाबरोबर चांदीचं ताट आलेलं. घरात आठ दिवस त्या ताटाचंच कौतुक. येईल त्या बाईला ते काढून दाखवायचं. लेक मला म्हणाली, “आण्णा, आपण चांदी नका आणू. आईचे अनारसे तेवढे नीट आणा. म्या सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझ्या आईसारखे अनारसे उभ्या तालुक्यात कुणाला जमत न्हाईत. सासूबाईंनी गल्लीतल्या बायकाबी बोलावल्यात.” असं बोलताना तिचा आवाज बारीक झाला होता. लेकीला त्या घरात एक दिवस मान वर करून मिरवायचं होतं, आणि ते सगळं मी नेणार त्या डब्यावर अवलंबून होतं. हे मला नीट कळत होतं. कळत नव्हतं असं मी कुणालाच म्हणू शकत नाही.

आता भांडण. निघायच्या सकाळी हिनं दोन डबे पुढं ठेवले. एक मोठा स्टीलचा, नव्या पिवळ्या फडक्यात बांधलेला. तो वाणाचा. दुसरा छोटा, माझा. “ह्यात काय हाय?” मी विचारलं.

“भाकरी हाय. शेपूची भाजी.”

“शेपू? सकाळी सकाळी शेपू? मी काय रानात कुळवाला चाललोय का? लेकीच्या घरी चाललोय!”

“शुगर किती वाढलीय बघितलं न्हाई का परवा?”

“एक अनारसा दे मग. एकच. चहासंगं.”

“वाण दिल्याबिगर तोंडात घालायचं न्हाई. म्या तरी कुठं खाल्लाय? चवबी बघितली न्हाई. अहो, ऐका तर, त्या डब्यात...”

मी काही ऐकलं नाही. घरात अनारशांचा ढीग आणि मला शेपू, एवढंच डोक्यात बसलं. “ठेव तुझा डबा!” म्हणून ओरडलो, तरी तिनं तो पिशवीत कोंबलाच. मी चहासुद्धा न घेता घराबाहेर पडलो. रुसून. ह्या वयात.

दोन गाड्या बदलून नळदुर्गात उतरलो तेव्हा ऊन चटका द्यायला लागलं होतं. तिथनं अणदूर म्हणजे हाकेच्या अंतरावर. जीपमध्ये बसलं की पोचलंच. पण जीपवाला म्हणाला, भरल्याशिवाय हलणार नाही. मी त्याला चार शब्द सुनावले, तो बिडी ओढत राहिला. मग हायवेच्या कडेला माझं जुनं हॉटेल आहे, तिथं गेलो. माझं म्हणजे मालकीचं नव्हे. नोकरीत असताना आमची गाडी तिथं थांबायची, ड्रायव्हरला आणि मला चहा-नाष्टा असायचा. मालक अजून मला ‘मास्तर’ म्हणतो. बाहेर ट्रक लागलेले, ड्रायव्हर लोक बादलीनं तोंडं धूत होते, आत कढईखाली जाळ नुकताच लावलेला.

“या, या मास्तर! लई दिसानं. कुणीकडं?”

“लेकीकडं. काय हाय तयार?”

“घाणा निघायचाय अजून. भज्याला टाईम लागंल. चहा घ्या तवर.”

बसलो. पोटात काही नाही. पिवळं फडकं मांडीवर. उन्हानं आणि गाडीच्या हादऱ्यानं डब्यातलं तूप जरा सैल झालं असावं, कारण फडक्यातनं वास यायला लागला. तूप, गूळ, भाजलेली खसखस. मी स्वतःला म्हणालो, रस्ता खराब, खड्डे किती होते, अनारसे मोडले तर नाहीत ना, बघायला पाहिजे. तपासायला पाहिजे हो! उद्या लेकीची बेअब्रू नको. असं म्हणून गाठ सोडली. माणूस स्वतःला किती छान फसवतो बघा.

झाकण उघडलं. सगळे उभे रचलेले, पाठीला पाठ लावून. रंग असा की विटेपेक्षा जरा फिका. वरच्या अंगाला बारीक जाळी, जाळीत खसखस रुतलेली. एकाची कड खरंच मोडली होती. आता मोडका अनारसा वाणात कसा द्यायचा? बरं दिसतं का? तो मी उचलला.

काय सांगू तुम्हाला. कड दातांखाली कुडकुडली आणि मधला भाग आपोआप जिभेवर विरला. गूळ नेमका, पुढं नाही की मागं नाही. तूप ओठाला लागलं. तेवढ्यात चहा आला, बिनसाखरेचा, कारण मालकाला माझी शुगर ठाऊक. तो कडू चहा आणि तो गोड अनारसा! मी डोळे मिटून घेतले. ट्रकचे भोंगे वाजत होते, कुणीतरी कुणाला शिव्या देत होतं, मला काही ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर स्टँडास्टँडवर नाष्टा केला मी, पुऱ्या, भजी, जिलेब्या, सगळं खाल्लं, पण असला नाष्टा कधी केला नाही. हे खोटं नाही. लाज वाटते म्हणून चव वाईट होती असं कसं म्हणू?

मग दुसरा. दुसऱ्याला मोडकी कड नव्हती, पण आता माझ्याजवळ हिशोब तयार होता. आमची ही कुणाच्याही घरी काही द्यायचं झालं की वर चार घालते. पापड द्यायचे तर वर चार, लाडू द्यायचे तर वर दोन. हात सढळ आहे तिचा. म्हणजे इथंही वरचे असणारच. मोजून थोडंच देणार ती? मी विचारायचंही काही कारण नव्हतं, मला माझी बायको माहीत होती. तिसराही त्याच हिशोबात गेला.

चौथा मी मालकापुढं धरला. मिरवायला, दुसरं काय. “घे, खाऊन बघ. आमच्या घरचाय.”

त्यानं बोटं पुसली, हात पुढं केला आणि पिवळ्या फडक्याकडं बघून मागं घेतला. “वाणाचा हाय का मास्तर?”

“व्हय.”

“मग नको. आधी जावयाला जाऊ द्या.”

“अरं, वर घातलेत तिनं. घे की.”

“नको, नको. ऱ्हाऊ द्या.” त्यानं हात जोडले आणि कढईकडं वळला. मला राग आला. मोठा आला शहाणा! अनारसा हातात तसाच राहिला, आणि हातातला परत डब्यात कसा ठेवायचा म्हणून तोही मीच खाल्ला. झाकण लावलं, गाठ मारली, धोतराच्या सोग्याला हात पुसले. तेवढ्यात जीपवाल्यानं हॉर्न दिला. शेपूच्या डब्याला मी हातही लावला नव्हता.

अणदूरला लेक दारातच उभी होती. बांगड्या भरलेल्या, नवीन साडी. मला बघून हसली, डबा दोन्ही हातांनी घेतला, आणि मग माझ्या तोंडाकडं बघून तिचं हसू जिथल्या तिथं थांबलं. “आण्णा, आधी हातपाय धुवा. तोंड धुवा. पाणी काढलंय.”

“धुतो की मग. बसू दे जरा.”

“न्हाई, आधी धुवा. लई धूळ आसती रस्त्यानं.”

“अगं, मी काय खाणीतनं आलोय का? गाडीत बसून आलोय!” आवाज बैठकीपर्यंत गेला. आतनं व्याही म्हणाले, “या पाव्हणं, या. असू द्या गं, बसू दे त्यास्नी.” लेकीनं माझा हात धरला होता तो सोडला. मी मिशीवरनं पालथी मूठ फिरवून ऐटीत आत गेलो.

बैठकीत जावईबापू पाय स्टुलावर ठेवून बसलेले. व्याही, विहीणबाई, जावयाची आजी आणि भिंतीला टेकून गल्लीतल्या पाच-सहा बायका. मधे चांदीचं ताट घासून पुसून ठेवलेलं. थोरल्या सुनेचं ते ताट आमच्या वाणाला वापरायला काढलं होतं. मी बोलत सुटलो. जावयाच्या पायाची चौकशी, डॉक्टर कसा, रस्ते कसे झालेत, आमच्या काळात गाडी कशी चालायची. सगळे माझ्याकडं बघत होते, बायका पदर तोंडाला लावत होत्या. मला वाटलं, माझं बोलणं रंगलंय.

विहीणबाईंनी फडकं सोडलं. वास सुटला तशा बायका पुढं सरकल्या. “ह्या बया, जाळी बगा कशी पडलीय!” एकजण म्हणाली. लेक दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिचा चेहरा फुलला. तेवढा एकच क्षण फुलला. विहीणबाई एकेक अनारसा ताटात मांडत मोठ्यानं मोजत होत्या, बायका त्यांच्यामागनं आकडा म्हणत होत्या. एकोणतीसला डबा रिकामा झाला.

विहीणबाईंनी डबा पालथा करून बघितला. फडकं झटकलं. परत मोजलं. एकोणतीस.

वर घातलेले चार नव्हते. कधीच नव्हते. तेहतीसच होते, आणि मी चार खाऊन आलो होतो. तोंडातली चव अजून गेली नव्हती.

“आसं कसं झालं?” विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, खरंच कोड्यात पडल्या होत्या. “आमच्या विहीणबाईंच्या हातनं मोजण्यात चुकलं का काय?”

आणि मी म्हणालो, “आसंल. तिचं हल्ली लक्षच नसतं कशात.”

हे वाक्य मी म्हणालो. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. आवाजही चढवला नाही, अगदी सहज म्हणालो. समजूतदार नवरा म्हणतो तसं. लेकीनं माझ्याकडं बघितलं, पण मी चांदीच्या ताटाकडं बघत होतो.

लेकीनं मुकाट्यानं फोन लावला. सासूनं म्हटलं, “मोठ्यानं लाव, मलाबी बोलायचंय.” फोन ताटाशेजारी ठेवला.

“आई, अनारसे किती ठिवले व्हते?”

“तेहतीस. दोनदा मोजले की मी. कामून गं?” हिचा आवाज बैठकीत घुमला.

विहीणबाई म्हणाल्या, “एकोणतीसच निघाले ओ. पाव्हणं म्हनतेत, तुमचं हल्ली लक्ष नसतं म्हनून चुकलं आसंल.”

लाईन तुटली असं मला वाटलं. तुटावी असं वाटलं. मग हिचा आवाज आला, आधीपेक्षा हळू.

“व्हय ओ. चुकलंच आसंल माझं. डोळ्याला दिसत न्हाई नीट. वाईट वाटून घिऊ नका.” जरा थांबली आणि म्हणाली, “आसं करा, ह्यांच्या भाकरीच्या डब्यात खाली एक डबी हाय. त्यात दोन हायेत. परत येताना खातील म्हनून ह्यांच्यासाठी ठिवले व्हते. लई आवडतेत त्यास्नी. सांगायचं ऱ्हाऊन गेलं. त्या डबीला कुणाचा हात लागलेला न्हाई, त्यातले घ्या.”

लेकीनं माझी पिशवी उघडली. शेपूच्या भाजीखाली, भाकरीच्या फडक्याखाली छोटी डबी. तिच्यात दोन अनारसे, कागदात वेगळे गुंडाळलेले. सकाळी ‘ऐका तर’ म्हणत होती ती हेच सांगत होती. मी पिशवीकडं बघत बसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणतात ना, तसं झालं. बोलायला पाहिजे होतं, तेव्हाच, फोन चालू असताना.

“आण्णा,” लेक म्हणाली, “आता तरी तोंड धुवून या.”

ह्या वेळी मी उठलो. न्हाणीच्या भिंतीला आरसा होता. त्यात माझी मिशी दिसली. पांढऱ्या मिशीत ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत तपकिरी खसखस. तुपानं चिकटलेली. हनुवटीवरही होती. दारात लेकीनं हीच बघितली होती. व्याह्यांनी, जावयानं, भिंतीकडच्या बायकांनी, सगळ्यांनी मी आल्यापासनं हीच बघितली होती. मी खसखस मिशीत घेऊन रस्त्यांवर भाषण देत होतो, आणि खसखस मिशीत घेऊनच म्हणालो होतो की तिचं हल्ली लक्ष नसतं. आणि ते ऐकून एकजणही बोललं नव्हतं. पाहुणा म्हणून माझी अब्रू झाकली होती त्यांनी. मी मात्र घरी गॉगल लावून बसलेल्या बाईची काढली होती.

मी तोंड धुतलं. परत परत धुतलं. बाहेर आलो आणि उभ्या उभ्याच म्हणालो, “मी खाल्ले. चार. नळदुर्गात, चहासंगं. तिचं काही चुकलेलं न्हाई.”

सगळी बैठक हसून फुटली. बायकांनी पदरच तोंडात घातले. व्याही तर मांड्या थोपटायला लागले. “आहो पाव्हणं, आमाला काय दिसत न्हाई व्हय! उगा लाजंल मानूस म्हनून गप बसलो!” जावईबापू प्लास्टरचा पाय धरून हसत होते. आजी मात्र हसली नाही, तिला रीतीची काळजी. “उष्टं झालं का मग?” तिनं विचारलं. मग स्वतःच विचार करून म्हणाली, “हातानं काढून खाल्लेत. डब्याला तोंड लावलं न्हाई. चालतंय.” एकोणतीसात ते दोन मिळवले, उरलेल्या दोनाच्या जागी बत्तासे ठेवले, वर दिवा लावला आणि वाण दिलं गेलं. एरवी मीही त्या हसण्यात हसलो असतो. माझ्याइतकं मोठ्यानं कुणी हसलं नसतं.

लेक हसली नाही. मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. ती पाठमोरी उभी राहून पुरणपोळ्या ताटात काढत होती.

“चुकलं बाई माझं,” मी म्हणालो. “तुझा दिवस घालवला.”

“खाल्ल्याचं काय न्हाई आण्णा,” ती म्हणाली, वळली नाही. “चार काय, धा खाल्ले आसते तर म्या बत्तासे लावले आसते. आईचं लक्ष नसतं कामून म्हनलाव? म्या हितं दोन वर्सं सगळ्यांना आईचंच सांगती. दुसरं काय हाय माझ्याकडं सांगायला?”

जेवायला बसलो, पण पुरणपोळी नुसती मोडत बसलो. निघताना तिनं वाणातला एक अनारसा कागदात बांधून माझ्या खिशात घातला. “आईला द्या. तिनं चवबी बघितली नसंल.” आणि मग, मी जीपमध्ये चढताना, हळूच, “वाटंत नका खाऊ.” ती मस्करी करत होती की नाही, मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

परतीला नळदुर्गात जीप त्याच हॉटेलापुढं थांबली. मालकानं हाक मारली, “मास्तर, गरम भजी हायेत!” मी मान खाली घालून पुढं गेलो. सबंध रस्ता खिशावर हात ठेवून बसलो होतो. कंडक्टरनं तिकीट विचारलं तरी हात काढला नाही, डाव्या हातानं पैसे दिले.

घरी पोचलो तेव्हा ही ओसरीवर बसली होती. ऊन उतरलं होतं तरी काळा गॉगल डोळ्यावर. त्यामुळं तिचे डोळे दिसत नव्हते, आणि मला ते बरं वाटलं. ती फोनबद्दल काही बोलली नाही. पाणी आणून दिलं. जावयाचा पाय कसा आहे, विहीणबाईंनी काय साडी नेसली होती, पोरगी बारीक झालीय का, एवढंच विचारलं. मी कागद काढून तिच्या हातात दिला.

“पोरीनं दिलाय. तुला.”

तिनं तो उघडला. अनारसा हातात धरून उलटसुलट बघितला, नाकाशी नेला. मग कडेचा बारका तुकडा मोडून तोंडात टाकला आणि चावत राहिली, कान देऊन काही ऐकावं तशी.

“मला वाटलं गूळ जास्ती झाला का काय,” ती म्हणाली. “खाऊन तर बघता येत नव्हतं. तळताना नीट दिसतबी नव्हतं, नुसत्या वासावर काढले. मधी कच्चे ऱ्हायले का कुणाला ठाऊक, दिसभर तेच मनात. तिथं काय म्हनले?”

तेव्हा मला कळलं की अनारसे तळल्यापासनं तिला एवढंच ऐकायचं होतं. फोनवर आम्ही तिला आकडा विचारला, तिची चूक सांगितली, तिनं सांगितलेली डबीही घेतली. अनारसे कसे झालेत हे त्या सबंध घरातनं तिला एकानंही सांगितलं नव्हतं. आणि ज्यानं डोळे मिटून चार खाल्ले होते तो फोनपासनं हातभर अंतरावर बसला होता.

“लई चांगले झालते,” मी म्हणालो. “जन्मात असला नाष्टा केला न्हाई. चार मीच खाल्ले. वाटंत. तुझं काही चुकलं नव्हतं.”

“ठाऊक हाय मला.”

“चुकलं माझं.”

तिनं अनारशाचा अजून एक तुकडा मोडला. मग म्हणाली, “चांगले झालते तर फोनवर तेवढं तरी म्हनायचं व्हतं. सगळ्यांसमोर.”

मी माझ्या ह्या मोठ्या आवाजात त्यावर काहीही बोलू शकलो नाही. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. राहिलेला अनारसा तिनं एकटीनं, सावकाश, शेवटच्या खसखशीपर्यंत खाल्ला.